चौसष्ट घरांची संख्या

या पुस्तकाचा विषय एकच संख्या आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस आकडी ही संख्या बहुतेक मराठी वाचकांना लहानपणीच एका गोष्टीतून भेटलेली असते. बुद्धिबळाचा खेळ रचणाऱ्याने राजाकडे बक्षीस मागितले ते असे: पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, याप्रमाणे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाला मागणी क्षुल्लक वाटली आणि राज्यातली सगळी कोठारे अपुरी पडली. तेराव्या शतकातला अरबी चरित्रकार इब्न खल्लिकान ही गोष्ट सांगताना मागणाऱ्याचे नाव सिस्सा देतो आणि राजा हिंदुस्थानचा म्हणतो. केरळात हीच कथा अंबलप्पुळाच्या श्रीकृष्ण मंदिरातल्या पायसाच्या प्रसादाशी जोडलेली आहे. कथेचे रूप कोणतेही घ्या, तिचा भर संख्येच्या मोठेपणावर असतो. मला त्या संख्येच्या घडणीचे आकर्षण आहे.

या संख्येत दोन मिळवले की जी संख्या येते तिचा शेवट ६१५ ऐवजी ६१७ असा होतो. बाकी सगळे आकडे तेच. दोन्ही संख्या विषम, दोन्ही वीस आकडी. पहिलीचे मूळ अवयव शाळेतल्या वर्गांतराच्या सूत्राने जवळजवळ सगळे हाती येतात. दुसरीचा पहिला अवयव सापडायला, ती संख्या कागदावर लिहिली गेल्यापासून दोनशे वर्षांहून जास्त काळ लागला. संख्या मोठी असणे आणि संख्या अवघड असणे या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुस्तकभर मी एवढेच दाखवणार आहे, आणि त्यासाठी या दोन शेजारणींहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मोठेपणाचे काय ते आधी आटोपून घेऊ. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या या अठरा स्थानांत मावत नाही. ती १८४ परार्धांहून थोडी जास्त भरते. दुसरे माप एका कोड्याचे. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘एन. क्लाउस’ अशा टोपणनावाने ते बाजारात आणले. तीन खुंट्या, त्यांतल्या एकीवर उतरत्या आकाराच्या चकत्या. एका वेळी एकच चकती उचलायची, लहान चकतीवर मोठी ठेवायची नाही आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. काशीच्या देवळात सोन्याच्या चौसष्ट चकत्या अशाच हलवल्या जात आहेत, अशी एक कल्पित कथाही या कोड्याभोवती लवकरच रचली गेली. चौसष्ट चकत्यांना कमीत कमी जितक्या चाली लागतात, तितकीच आपली संख्या. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षे होतात. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास आहे. आकाराबद्दल एवढे पुरे. ल्युकाचे नाव मात्र लक्षात राहू द्या, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे, आणि तेव्हा त्याच्या हातात खेळणे नसेल.

ही संख्या मिळवण्यासाठी चौसष्ट घरांची बेरीज करत बसावे लागत नाही. कोणत्याही घरापर्यंतची बेरीज पुढच्या घरातल्या दाण्यांपेक्षा एकने कमी असते: १ + २ + ४ = ७, आणि पुढच्या घरात ८. म्हणून सबंध पटाची बेरीज म्हणजे दोनचा चौसष्टावा घात वजा एक. तो घात काढायलाही चौसष्ट गुणाकार लागत नाहीत. दोनचा वर्ग ४, चारचा १६, सोळाचा २५६, मग ६५,५३६, मग ४,२९,४९,६७,२९६, आणि त्याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. सहा वर्ग केले की झाले. घातांक निम्मा करत उतरायचे आणि वर्ग करत चढायचे, ही रीत आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या रचना मोजण्यासाठी आली. अल्-बीरुनीने इ.स. १००० च्या सुमारास कालगणनेवरच्या आपल्या ग्रंथात पटाची पूर्ण बेरीज मांडली, ती वर्ग करण्याच्याच वाटेने. लीलावतीतल्या श्रेढीच्या प्रकरणातही हीच रीत आहे, आणि तिच्या जोडीला एका दात्याचे उदाहरण आहे. त्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या, मग रोज दुप्पट, असे महिनाभर. उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर थोडी मोड. बुद्धिबळाचा पट तिथे नाही, पण गणित पटाचेच आहे.

या सहा वर्गांकडे मी वाचकाचे लक्ष मुद्दाम वेधतो आहे. त्यांनी हिशेब सोपा होतो हे खरेच, पण ही संख्या कुठे कुठे जोडलेली आहे हेही तेच सांगतात. दोन वर्गांचा फरक म्हणजे त्यांच्या मुळांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी. आपली संख्या ४,२९,४९,६७,२९६ चा वर्ग वजा एकचा वर्ग आहे. म्हणून ती ४,२९,४९,६७,२९७ आणि ४,२९,४९,६७,२९५ यांचा गुणाकार. यातली धाकटी संख्या पुन्हा ६५,५३६ चा वर्ग वजा एक, म्हणून ६५,५३७ × ६५,५३५. तसेच ६५,५३५ = २५७ × २५५, मग २५५ = १७ × १५, आणि १५ = ५ × ३. कागदावर पाच ओळी झाल्या आणि वीस आकडी संख्या सहा तुकड्यांत मोकळी झाली:

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७.

सहाही तुकडे एका साच्यातले आहेत. आपण चढताना ज्या पायऱ्यांवर थांबलो, म्हणजे २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि ४,२९,४९,६७,२९६, त्या प्रत्येकीत एक मिळवला आहे. या साच्याच्या संख्यांना आज फर्मा संख्या म्हणतात.

पिएर द फर्मा हा तुलूझचा न्यायाधीश. १६४० मध्ये फ्रेनिक्ल या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने या संख्या ओळीने दिल्या आणि त्या सगळ्या मूळ असाव्यात असा आपला विश्वास असल्याचे कळवले. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने लपवले नाही. यादीत ३ पासून ४,२९,४९,६७,२९७ पर्यंतच्या सहा संख्या होत्या, आणि त्यांच्यापुढे वीस आकडी सातवी: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. आपली शेजारीण. तिच्यातून दोन वजा केले की आधीच्या सहांचा गुणाकार उरतो, हे आपण आताच पाहिले. या साच्यात हे प्रत्येक पायरीवर खरे आहे: कोणत्याही फर्मा संख्येतून दोन वजा केले की तिच्या आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार मिळतो. गोल्डबाख या गणितज्ञाने १७३० मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रात यातून एक सुंदर निष्कर्ष काढला. कोणत्याही दोन फर्मा संख्यांचा सामाईक विभाजक त्या दोनलाही भागला पाहिजे. पण या संख्या विषम, म्हणून तो विभाजक १ च. प्रत्येक फर्मा संख्येजवळ इतर कुणाजवळ नसलेला मूळ अवयव आहे. फर्मा संख्या अनंत आहेत, म्हणून मूळ संख्याही अनंत आहेत. युक्लिडची सिद्धता आपण शाळेत शिकतो. ही तिच्याइतकीच छोटी आहे आणि शाळेत शिकवावी अशी आहे.

फर्माच्या यादीतल्या पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. प्रश्न सहावीचा. तो ऑयलरपुढे आला तोही गोल्डबाखमुळे, १ डिसेंबर १७२९ च्या पत्रातल्या ‘ता. क.’मधून: फर्माचे हे निरीक्षण तुम्हाला ठाऊक आहे का? ऑयलर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता, वय बावीस. तीन वर्षांनी, १७३२ मध्ये, त्याने उत्तर जाहीर केले: ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७.

इथे मला रेंगाळायचे आहे, कारण ६४१ कुठून आला हे कळले की या सगळ्या विषयाची किल्ली हाती येते. आधी पडताळा पाहू. ६५,५३६ ला ६४१ ने भागले तर बाकी १५४ राहते. बाकीचा वर्ग केला तर १५४ × १५४ = २३,७१६. आणि ६४१ × ३७ = २३,७१७. एकने कमी! म्हणजे ६५,५३६ च्या वर्गाला ६४१ पूर्ण भागायला एकच कमी पडतो, आणि त्या वर्गात एक मिळवून तर आपली सहावी संख्या बनते. दहा आकडी भागाकार न करता, दोन छोट्या गुणाकारांत निकाल लागला.

पण शोधणाऱ्याला ६४१ सुचावा कसा? त्यासाठी बाक्यांच्या फेऱ्या बघाव्या लागतात. दोनच्या घातांना १७ ने भागत चला: बाक्या २, ४, ८, १६, १५, १३, ९, १ आणि पुन्हा २. फेरी आठाची. पाचने भागलात तर २, ४, ३, १; फेरी चाराची. फर्माचाच सिद्धांत सांगतो की मूळ संख्या कोणतीही असो, फेरीची लांबी त्या संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या संख्येला निःशेष भागते: १६ ला ८ भागतो, ४ ला ४ भागतो. आता जी मूळ संख्या ४,२९,४९,६७,२९७ ला भागेल, तिच्यासाठी बत्तिसाव्या घाताची बाकी ‘एक कमी’ अशी येते आणि चौसष्टाव्याची बाकी १. फेरी चौसष्टाची झाली. म्हणजे त्या मूळ संख्येतून एक वजा केला की ६४ ने भाग गेलाच पाहिजे. दहा आकडी संख्येचे मूळ अवयव शोधताना ३, ७, ११, १३ असे एकेक तपासण्याची गरज उरत नाही. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ एवढ्यांवरच नजर ठेवायची. २५७ ही स्वतः फर्मा संख्या, ती गोल्डबाखच्या न्यायाने आपोआप बाद. ल्युकाने १८७८ मध्ये ही चाळणी आणखी बारीक केली: ६४ च्या जागी १२८. मग १२९, ३८५ आणि ५१३ तर मूळच नाहीत, २५७ आधीच गेली, आणि तपासायची पहिली संख्या उरते ती थेट ६४१. काशीच्या चकत्यांचे कोडे काढणारा ल्युका तो हाच. ६७,००,४१७ मूळ आहे हे ठरवायलाही या चाळणीनंतर चारच भागाकार पुरतात: ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ यांचे. वाचकाने ते करून पाहावेत, चहा होईपर्यंत होतात.

फर्माने हा सिद्धांत फ्रेनिक्ललाच, त्याच १६४० सालच्या ऑक्टोबरात कळवला होता. सहाव्या संख्येवर तो लावला असता तर ६४१ त्याच्याच हाती येता. तसे घडले नाही. त्याने आकडेमोडीत चूक केली असावी, असे तर्क अनेकांनी केले आहेत. मला ते महत्त्वाचे वाटत नाहीत. ज्याने आपली अटकळ आणि आपली शंका दोन्ही पत्रात लिहून ठेवली, त्याच्या चुकीच्या अंदाजातून पुढच्या तीनशे-साडेतीनशे वर्षांचे काम निघाले, हे मला जास्त मोलाचे वाटते.

तर आपली संख्या सात मूळ अवयवांची: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. एकही अवयव दोनदा येत नाही, म्हणून तिचे एकूण विभाजक दोनचा सातवा घात, म्हणजे १२८. बाक्यांच्या फेऱ्या क्रमाने लावल्या तर २, ४, ८, १६ आणि ३२ या लांब्यांना एकेकच मूळ संख्या मिळते, आणि ६४ या लांबीला ६४१ व ६७,००,४१७ अशा दोन. बेरजेने पटाएवढी झालेली ही संख्या आतूनही पटाच्याच दुपटीने रचलेली आहे.

आकड्यांच्या अंगाने पाहिले तर तिच्यात फारसे काही सापडत नाही, आणि हेही सांगायला हवे. आकड्यांची बेरीज ८७; त्यावरून तीनने भाग जातो, नऊने जात नाही, इतके कळते. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ज्या संख्येला स्वतःच्या आकड्यांच्या बेरजेने भाग जातो तिला ‘हर्षद’ असे गोड नाव दिले. आपली संख्या हर्षद नाही: ८७ मध्ये २९ हा अवयव आहे आणि आपल्या सातांत २९ नाही. कापरेकरांच्या वाटेचे गणित मला मनापासून आवडते. पण ते दशमान लेखनाचे गणित आहे. लेखन बदलले की गुण बदलतात. मूळ अवयव कोणत्याही लेखनात तेच राहतात, म्हणून या पुस्तकाचा मुक्काम त्यांच्यापाशी आहे.

दोनच्या पायावर, द्विमान पद्धतीत, ही संख्या लिहिली तर मात्र तिचे रूप उघडे पडते: एकापुढे एक असे चौसष्ट एक, पटाच्या घरागणिक एक. यातून एक अनपेक्षित भेट होते. पिंगलावर दहाव्या शतकात टीका लिहिणाऱ्या हलायुधाने मेरुप्रस्तार समजावून दिला. वरच्या दोन संख्यांची बेरीज खाली लिहीत उतरणारा हा त्रिकोण आज पास्कलच्या नावाने शिकवतात. त्याच्या प्रत्येक ओळीत विषम संख्येच्या जागी १ आणि समच्या जागी ० लिहा, आणि ती ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. सर्वांत वरची ओळ नुसता १. तिच्याखालची १, १ ही ओळ देते ३. १, २, १ देते १०१, म्हणजे ५. १, ३, ३, १ देते ११११, म्हणजे १५. पुढच्या ओळी १७, ५१, ८५, २५५. फर्मा संख्या आणि त्यांचे गुणाकार, एकही न चुकता! चौसष्टाव्या ओळीत सगळ्याच संख्या विषम असतात, आणि तिथे आपली संख्या उभी असते.

या ओळींपैकी पहिल्या बत्तीस ओळींना भूमितीतही अर्थ आहे. १७९६ च्या मार्चमध्ये अठरा वर्षांच्या गाऊसने दाखवले की सतरा बाजूंची सुसम आकृती केवळ कंपास आणि पट्टीने काढता येते. युक्लिडनंतर दोन हजार वर्षे या यादीत भर पडली नव्हती. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, असे उत्तर पुढे पूर्ण झाले. ‘इतर कोणतीही चालत नाही’ ही बाजू १८३७ मध्ये वाँत्सेलने सिद्ध केली. आज माहीत असलेल्या मूळ फर्मा संख्या पाचच आहेत, म्हणून अशा विषम बाजूसंख्या एकतीस. त्यांतली सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५. आपण पहिल्याच ओळीत जी धाकटी संख्या बाजूला काढली होती, ती हीच. योहान हेर्मेस नावाच्या एका जर्मन शिक्षकाने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीच्या कृतीवर दहा वर्षे घालवली. त्याचे हस्तलिखित गटिंगन विद्यापीठात जपलेले आहे. कुणी याला वेड म्हणेल. मी म्हणणार नाही.

आता शेजारणीकडे वळू. ६१७ ने संपणारी संख्या वर्ग अधिक एक आहे, आणि अधिक एकला वर्गांतराचे सूत्र लागत नाही. ल्युकाच्या चाळणीने एवढेच कळते की तिचा मूळ अवयव २५६ च्या पटीपेक्षा एकने मोठा असणार. तिचे वर्गमूळ ४२९ कोटींच्या पुढे, म्हणून तपासायला दीड कोटीहून जास्त उमेदवार उरतात, आणि भाज्य वीस आकडी. फॉर्च्युन लांद्रीने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, कित्येक महिन्यांच्या आकडेमोडीनंतर उत्तर दिले:

२,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१.

लहान अवयव २५६ ची १,०७१ वी पट अधिक एक आहे. दीड कोटींच्या रांगेत तो बराच पुढे होता, पण हे उत्तर मिळाल्यावर दिसते. रांगेत उभे राहणाऱ्याला ते माहीत नसते. लांद्रीने आपली रीत पुरती उलगडून सांगितली नाही. ती कशी असावी याचा मागोवा ह्यू विल्यम्स या गणितज्ञाने १९९३ मध्ये एका लेखात घेतला. आणि लांद्रीच्याही आधी एकाला हे अवयव मिळाले होते. डोर्पाटच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या, टोमास क्लाउसेनने १ जानेवारी १८५५ रोजी ते गाऊसला पत्राने कळवले होते. फेब्रुवारीत गाऊस वारला. पत्र त्याच्या कागदांत राहिले आणि विसाव्या शतकात लोकांच्या नजरेस आले.

लांद्रीच्या उत्तरातून थोडे गणित केले की असे दिसते:

शेजारीण = ३,३६,४०,२१,०७,९२,४४९ चा वर्ग − ३,३६,४०,२१,०५,१८,२७२ चा वर्ग.

म्हणजे तीही दोन वर्गांचा फरकच आहे. प्रत्येक विषम संयुक्त संख्या तशी असते. दोन अवयवांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे निम्मे घेतले की ते वर्ग मिळतात. आपल्या संख्येच्या बाबतीत ते वर्ग तिच्या जन्माबरोबरच आपल्याला ठाऊक असतात. शेजारणीच्या बाबतीत ते शोधावे लागतात, आणि सगळी अवघड मेहनत त्या शोधाची आहे. ही गोष्ट आजच्या गणितालाही तितकीच लागू आहे. फर्माच्या यादीतली आठवी, ३९ आकडी संख्या संयुक्त आहे हे १९०५ मध्ये कळले, पण अवयव १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांना मिळाले. त्यांची रीत थोडक्यात अशी की, ज्यांच्या फरकाला दिलेल्या संख्येने भाग जातो असे दोन वर्ग वितत अपूर्णांकांच्या मदतीने जमवायचे. पुढे आलेल्या चाळणीच्या बलाढ्य रीतींचाही गाभा तोच. आपल्या बँकेचे व्यवहार ज्या कुलपांच्या भरवशावर चालतात त्यांतली बरीचशी अशी दोन वर्गांची जोडी शोधणे कठीण आहे या एका गोष्टीवर टिकून आहेत.

आपल्या संख्येचे सात अवयव नुसते शोभेचे नाहीत, हेही सांगायला हवे. आजच्या संगणकात एका वेळी चौसष्ट द्विमान अंक हाताळले जातात. तिथली सर्वांत मोठी धन संख्या हीच. यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या काही सोप्या यंत्रणा, उदाहरणार्थ जॉर्ज मार्साग्लियाने २००३ मध्ये मांडलेल्या, शून्य सोडून सगळ्या चौसष्ट-अंकी स्थितींतून फिरून मगच मूळ जागी येतात. फेरा खरोखर इतका लांब आहे हे चालून पाहता येत नाही. पण इतक्या पावलांनी यंत्रणा मूळ जागी येते हे आधी पाहिले, आणि मग आपल्या संख्येला सातांपैकी प्रत्येक अवयवाने भागून येणाऱ्या पावलांवर ती परत येत नाही एवढे तपासले, की सिद्धता पूर्ण होते. ती सात पावले वर्ग करत चढण्याच्या पिंगलाच्या रीतीने काही क्षणांत गाठता येतात.

पुस्तक वाचायला नववी-दहावीचे बीजगणित पुरे आहे. बाक्यांचे गणित तिसऱ्या प्रकरणात मुळापासून समजावले आहे. ज्यांना ते येते त्यांनी ते वगळून पुढे जावे. आकडेमोड मात्र वगळू नये. संगणकाच्या एका कळीने हे सगळे अवयव मिळतात, पण १५४ चा वर्ग स्वतः करून त्यात एक मिळवल्यावर ३७ पट ६४१ समोर येताना जे कळते, ते कळ दाबून कळत नाही. शाळेत शिकवणाऱ्यांसाठी मेरुप्रस्ताराचे प्रकरण सुटे वाचता येईल असे ठेवले आहे. गाऊसचे प्रकरण सगळ्यांत कठीण आहे. ते पहिल्या वाचनात अर्धवट राहिले तरी पुढचे काही अडत नाही.

शेवटचे प्रकरण पेपँने १८७७ मध्ये दिलेल्या कसोटीवर आहे. तीनपासून सुरुवात करून वर्ग करत आणि बाकी घेत जायचे. शेवटी बाकी ‘एक कमी’ आली तर फर्मा संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. ४,२९,४९,६७,२९७ साठी एकतीस वर्ग लागतात, शेजारणीसाठी त्रेसष्ट. ३ ला शून्यावी धरले तर तेहेतिसाव्या फर्मा संख्येला ८,५८,९९,३४,५९१ वर्ग लागतील, आणि ती संख्या स्वतः २,५८,५८,२७,९७३ आकडी आहे. तिचा एकही अवयव अजून सापडलेला नाही, आणि ही कसोटी तिच्यावर अजून कुणी पुरी करू शकलेले नाही.